कीर्ति आणि वळण

मुंबईच्या कोट भागांत १८७९ सालीं प्रिन्स ऑफ वेल्स एडवर्ड यांचा अश्वारूढ पुतळा उभा राहिला. देणगी सर आल्बर्ट ससून यांची, शिल्पकार लंडनचे जोसेफ एडगर बोएम. घोड्यावरचा स्वार साऱ्या ब्रिटिश साम्राज्याचा वारस होता. त्या काळीं त्याच्याइतकें प्रसिद्ध नांव पृथ्वीवर फार थोड्यांचें असेल. तरी मुंबईकरांनीं त्या चौकाला स्वाराचें नांव दिलें नाहीं. त्यांनीं घोडा पाहिला, त्याचा रंग पाहिला, आणि चौक ‘काळा घोडा’ झाला. १९६५ सालीं पुतळा तेथून हलवून भायखळ्याच्या राणीच्या बागेंत नेण्यांत आला. नांव मात्र जागच्या जागीं राहिलें. आणि २०१७ सालीं त्या भागांत नवा घोडा बसविण्यांत आला तो स्वाराशिवायच.

पुतळा उभारला जातो तो बहुधा स्वाराच्या कीर्तीसाठीं. त्यांतलें काय मागें राहील हें मात्र उभारणाऱ्याच्या हातीं नसतें. कीर्ति मोजतां येते, आणि ज्याला मोजतां येतें त्यावर माणसाचा चटकन विश्वास बसतो. पूर्वीं समारंभांतले हार आणि वर्तमानपत्रांतले रकाने मोजीत. आज समाजमाध्यमांवरील पसंतीच्या खुणा मोजतात. मापें बदललीं, मोजण्याची हौस तीच. कलेचा टिकाऊ प्रभाव या मापांत सांपडत नाहीं. त्याला मराठींत एक साधा घरगुती शब्द आहे, ‘वळण’. अक्षराला वळण असतें, मुलाला वळण लावतात, मातीला वळण देतात. एका हातानें दुसऱ्या हाताला लावलेली संवय, असा कांहींसा त्याचा अर्थ. कीर्ति आणि वळण यांचें नातें कसें असतें, तीं कोठें फांकतात आणि कोठें एकत्र येतात, हें पाहण्यासाठीं काळ्या घोड्यापासून फार दूर जावें लागत नाहीं. गेटवेपासून लाँच धरावी आणि खाडीपलीकडच्या मांडव्याच्या धक्क्यावर उतरावें. तेथून अलिबागेकडे जाणाऱ्या किनाऱ्यावर थोड्याच अंतरावर सासवणें हें गांव आहे.

या गांवीं २ ऑक्टोबर १८९१ रोजीं विनायक पांडुरंग करमरकर यांचा जन्म झाला. जिल्ह्याचें नांव तेव्हां कुलाबा होतें. १ जानेवारी १९८१ पासून तो रायगड जिल्हा झाला. नारळी-पोफळीच्या वाड्या, भाताचीं खाचरें, पलीकडे कोळ्यांच्या होड्या, असा हा मुलूख. चित्रकलेचें शिक्षण देणारी शाळा गांवांत असण्याचा प्रश्नच नव्हता. परंतु कोंकणांतल्या मुलाला मातीची ओळख करून द्यावी लागत नाहीं. भाद्रपद ती करून देतो.

करमरकरांच्या उदयाची हकीकत प्रसिद्ध आहे. गांवच्या राममंदिराच्या भिंतीवर त्यांनीं शिवाजीमहाराजांचें चित्र रंगविलें होतें. जिल्ह्याचे कलेक्टर ऑटो रॉथफील्ड यांच्या दृष्टीस तें पडलें आणि त्यांनीं या मुलाला मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेंत धाडण्याची व्यवस्था केली. रॉथफील्ड हे निव्वळ सारावसुलीचे अधिकारी नव्हते. पुढें १९२० सालीं त्यांनीं हिंदुस्थानांतील स्त्रियांवर एक ग्रंथ प्रसिद्ध केला, आणि त्यांतील चित्रें रावबहादूर महादेव विश्वनाथ धुरंधर यांच्याकडून काढून घेतलीं. चित्र पाहण्याची संवय असलेला माणूस फिरतीवर त्या गांवीं आला, एवढाच काय तो योग. सासवण्याच्या त्या भिंतीसमोरून जाणारीं माणसें तीं किती असणार? पण पाहणारे किती यापेक्षां पाहणारा कोण, यावर येथें एका आयुष्याची दिशा ठरली.

करमरकर जे. जे. कलाशाळेंत आले तेव्हां तेथील विद्यार्थ्यांपुढें एक उदाहरण ताजें होतें. त्याच शाळेचे विद्यार्थी गणपतराव म्हात्रे यांनीं एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, विशीच्या वयांत, ‘मंदिरपथगामिनी’ ही देवळाकडे निघालेल्या तरुणीची मूर्ति घडविली होती. मूर्ति प्लास्टरची, अंगावर नऊवारी लुगडें. शरीररचनेचें ज्ञान युरोपीय शिक्षणांतलें, पण चुण्यांची पडण आणि उभें राहण्याची ढब अस्सल मराठी घरांतली. तिची वाखाणणी मुंबईंत झाली, इंग्लंडांत सर जॉर्ज बर्डवुड यांनीं केली, आणि बंगालांत रवींद्रनाथ ठाकुरांनीं तिच्यावर स्वतंत्र लेख लिहिला. त्यानंतर म्हात्र्यांकडे कामांची रीघ लागली. राजे, महाराजे, न्यायमूर्ति, दानशूर व्यापारी यांचे पुतळे त्यांनीं वर्षानुवर्षें केले. त्यांत उत्तम कारागिरीचीं कामें आहेत. १९४७ सालीं ते वारले. आज त्यांचें नांव निघालें कीं त्या साऱ्या पागोट्यांआधीं आठवते ती ती देवळाकडे निघालेली मुलगी. ती कोणाच्या सांगण्यावरून केलेली नव्हती, आणि तिचा चेहरा कोणा प्रसिद्ध व्यक्तीचा नव्हता.

मागणीवर केलेलें काम हलकें आणि स्वतःसाठीं केलेलें थोर, असा नियम यावरून काढण्याचा मोह होतो. नियम बांधणारे तो काढतातही. करमरकरांचें चरित्र त्या नियमाच्या आड येतें, म्हणून तें अधिक उपयोगाचें आहे.

कलाशाळेंत त्यांना मेयो पदक मिळालें. पुढें सुरेंद्रनाथ ठाकुर यांच्या निमंत्रणावरून ते कलकत्त्यास गेले आणि तेथें त्यांनीं कार्यशाळा थाटली. सासवण्याचा मुलगा जोडासांकोच्या मंडळींत कसा पोंचला याचें नवल वाटावयास नको. सुरेंद्रनाथांचे वडील सत्येंद्रनाथ हे इंडियन सिव्हिल सर्व्हिसमधले पहिले हिंदी अधिकारी. त्यांची नोकरी मुंबई इलाख्यांतच झाली, आणि साताऱ्यास न्यायाधीश असतां १८९७ सालीं ते निवृत्त झाले. ठाकुर घराण्यांत मराठी माणसाविषयीं जी आपुलकी होती तिचें मूळ त्या वास्तव्यांत आहे. १९२० मध्यें करमरकर लंडनच्या रॉयल अकॅडमींत शिकावयास गेले. तेथून परत येऊन कांहीं काळ कलकत्त्यांत काढल्यावर त्यांनीं आपलें बिऱ्हाड मुंबईस हलविलें.

याच काळांत पुण्यास शिवस्मारकाचें काम रेंगाळत होतें. छत्रपति शाहूमहाराजांच्या पुढाकारानें १९१७ सालीं ऑल इंडिया श्री शिवाजी मेमोरियल सोसायटी स्थापन झाली होती. १९२१ च्या नोव्हेंबरांत त्या वेळच्या प्रिन्स ऑफ वेल्सच्या हस्तें स्मारकाची कोनशिला बसली. हा राजपुत्र काळ्या घोड्यावरील स्वाराचा नातू. तो मुंबईस उतरला त्या दिवशीं शहरांत बहिष्कार होता, दंगली उसळल्या होत्या. दोनच दिवसांनीं पुण्यांत त्याच्या हातून शिवाजीमहाराजांच्या स्मारकाचा पाया घातला गेला. इतिहासाला असल्या विसंगतींचें वावडें नसतें. १९२२ च्या मे महिन्यांत शाहूमहाराज वारले. स्मारकाचे दुसरे मोठे आधार ग्वाल्हेरचे माधवराव शिंदे हे १९२५ मध्यें परदेशीं निवर्तले. अखेर राजाराममहाराजांच्या कारकीर्दींत काम तडीस गेलें. पुतळ्याची जबाबदारी करमरकरांवर येऊन पडली होती.

अश्वारूढ पुतळा ही शिल्पकाराची मोठी परीक्षा समजतात, आणि तें उगीच नाहीं. माणसाच्या दोन पायांचा तोल सांभाळणें सोपें नसतें. येथें तर घोड्याचें अवजड धड चार बारीक पायांवर, त्यावर स्वार, आणि हें सारें अनेक खंडी धातूंत. मातींत तें आकाराला येतें तेव्हां आंत लोखंडाचा सांगाडा असतो. मातीवरून प्लास्टरचा सांचा, सांच्यावरून ओतकाम. ओततांना धातु कोठें थिजला, कोठें हवा अडकली, तर महिन्यांचें काम फुकट. शिवाय घोडा आणि स्वार हीं दोन शिल्पें वाटून चालत नाहीं. मांडीची पकड आणि घोड्याच्या मानेची ताठ यांत एकच हालचाल दिसावी लागते. नाहीं तर स्वार घोड्यावर ठेवल्यासारखा दिसतो. हा पुतळा मुंबईंत माझगांवच्या गोदींत ओतला गेला. १९२८ च्या जूनमध्यें मुंबईचे गव्हर्नर सर लेस्ली विल्सन यांनीं पुण्यांत त्याचें अनावरण केलें. पुढें त्या आवारांत श्री शिवाजी प्रिपरेटरी मिलिटरी स्कूल उभें राहिलें. पुतळा आजही तेथें आहे.

या एका कामानें करमरकर महाराष्ट्रभर माहीत झाले. म्हणजे हें मागणीचें काम, लोकप्रिय विषय, राजेरजवाड्यांचा आश्रय, सरकारी हातानें अनावरण, सारें कांहीं क्षणिक कीर्तीच्या बाजूचें; आणि तरी काम टिकलें. नुसतें टिकलें असें नव्हे, त्यानें वळण लावलें. महाराष्ट्रांत पुढें चौकाचौकांत अश्वारूढ शिवाजीमहाराज उभे राहिले. त्यांच्याकडे पाहतांना जाणता माणूस नकळत पुण्याच्या घोड्याची आठवण ठेवूनच पाहतो. वळणाची दुसरी बाजूही येथें दिसते. उत्तम कृति समोर असली म्हणजे मागून येणारा कित्येकदां तिची ढब उचलतो आणि तिच्यामागचा अभ्यास सोडून देतो. कित्येक गांवांतले घोडे घोडा न पाहतां केलेले आहेत, हें सांगावयास कलासमीक्षक लागत नाहीं, टांगेवाला सांगेल.

पुण्याच्या पुतळ्यापाशीं थांबून करमरकरांचा हिशेब पुरा होत नाहीं. तो पुरा करावयाचा तर पुन्हा सासवण्यास यावें लागतें. येथलें त्यांचें राहतें घर आतां शिल्पालय आहे. अंगणांत आणि घरांत मिळून जीं शिल्पें आहेत त्यांत थोरांचे मुखवटे आहेतच. पण पाय थांबतात ते निराळ्या ठिकाणीं. शंख फुंकणारा माणूस, कोळ्याची मुलगी, घरांतलीं आणि गांवांतलीं साधीं माणसें, कुत्रा, आणि एक म्हैस. म्हैस मोठ्या आकाराची, काळी, निवांत. म्हशीचा पुतळा व्हावा असें कोणत्याही समितीनें ठराव करून सुचविलें नसतें. तिची कातडी हाडावर कोठें ताणली आहे आणि कोठें सैल लोंबते, हें ज्यानें गोठ्यांत तास घालविले आहेत त्यालाच कळावें. शंखध्वनीच्या शिल्पांतही ताकद आहे ती ताणलेल्या छातींत आणि फुगलेल्या गालांत; कोणत्या तरी कल्पनेचें चित्र काढण्याचा तेथें आव नाहीं.

या शिल्पांचें द्रव्य ध्यानांत घेण्यासारखें आहे. ब्राँझ महाग, आणि पुतळ्याजोगा संगमरवर इटलींतून आणवावा लागे. ज्याला गिऱ्हाईक आहे अशाच कामाला हीं द्रव्यें परवडत. कोळ्याच्या मुलीला गिऱ्हाईक कोठलें? करमरकरांनीं सिमेंट-काँक्रीट हातीं घेतलें. घरें आणि पूल बांधण्याचें हें द्रव्य तोंवर शिल्पाच्या प्रतिष्ठेला न शोभणारें मानीत. तें स्वस्त होतें, उन्हापावसांत टिकत होतें, आणि त्याचा करडा खरबरीतपणा राबणाऱ्या माणसाच्या अंगाला शोभून दिसत होता. गरिबाचें शिल्प गरिबाच्या द्रव्यांत होऊं लागलें. हिंदी शिल्पाच्या इतिहासांत ही गोष्ट लहान नाहीं. त्याच सुमारास, १९३८ सालीं, शांतिनिकेतनांत रामकिंकर बैज यांनीं सिमेंट आणि खड्यांचें मिश्रण वापरून आपला ‘सांथाळ परिवार’ उघड्यावर उभा केला. तेंही बिनमागणीचें काम, आणि तेंही राबणाऱ्या माणसांचें. दोघांच्या वाटा मात्र वेगळ्या. करमरकर जें दिसतें त्याच्याशीं अखेरपर्यंत इमान राखून होते. रामकिंकर आकार मोडून पुन्हा रचीत होते. पुढच्या पिढीच्या शिल्पकारांना वळण लागलें तें अधिक करून रामकिंकरांचें, हें निःपक्षपातानें मान्य केलें पाहिजे.

याला एक कारण असेंही होतें कीं करमरकरांच्या उत्तरायुष्यांत जाणकारांची आवडच फिरली. १९४७ सालीं मुंबईंत प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप स्थापन झाला आणि जे. जे. कलाशाळेच्या जुन्या वास्तवदर्शी परंपरेकडे नाक मुरडण्याचे दिवस आले. हुबेहूब काढणें म्हणजे प्रतिभा नसणें, असें कांहीं काळ सरसकट मानलें गेलें. म्हात्रे, करमरकर, धुरंधर हीं नांवें कलेच्या चर्चेंतून मागें पडलीं. १९६२ मध्यें करमरकरांना पद्मश्री मिळाली, १३ जून १९६७ रोजीं ते वारले. परंतु वैचारिक वर्तुळांत त्यांच्या कामाची नव्यानें दखल घेतली जाण्यास बराच अवधि जावा लागला. लोकांची आवड चंचल असते अशी तक्रार विद्वान नेहमीं करतात. विद्वानांची आवडही गर्दीनेंच फिरते, फक्त त्यांची गर्दी लहान असते. ज्या कलेला सामान्यांची वाहवा मिळाली तीच कला जाणकारांनीं त्या वाहवेपायींच हलकी ठरवावी, असेंही घडतें. राजा रविवर्म्यांच्या छापील देवदेवतांची गति हीच झाली. त्यांच्या छापखान्यांतून चित्रें घरोघर गेलीं; समीक्षकांनीं त्यांना बाजारू म्हटलें; आणि त्याच छापखान्यांत काम केलेल्या दादासाहेब फाळक्यांनीं १९१३ सालीं ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर आणला, तेव्हां हिंदी चित्रपटांतल्या पहिल्या देवादिकांना चेहरेमोहरे त्या बाजारू चित्रांनींच पुरविले. लोकप्रियता आणि वळण यांचें वैर नाहीं. लोकप्रियता हा वळणाचा पुरावा मात्र नव्हे.

हा भेद विसरला म्हणजे काय होतें याचें ताजें उदाहरण याच किनाऱ्यावर दक्षिणेस आहे. मालवणच्या राजकोट किल्ल्यावर ४ डिसेंबर २०२३ रोजीं नौदलदिनाच्या निमित्तानें शिवाजीमहाराजांच्या पस्तीस फुटी पुतळ्याचें अनावरण झालें. समारंभ पंतप्रधानांच्या हस्तें. त्या दिवशीं हातोहातीं असलेल्या भ्रमणध्वनींवर त्याचीं चित्रें जितक्या लोकांनीं पाहिलीं असतील, तितक्यांनीं पुण्याचा पुतळा शंभर वर्षांत पाहिला नसेल. २६ ऑगस्ट २०२४ रोजीं, नऊ महिनेही पुरे होण्याच्या आंत, तो पुतळा कोसळला. मग पडलेल्या पुतळ्याचीं चित्रें फिरलीं, तीं पहिल्याइतकींच वेगानें. चित्र फिरविणाऱ्या यंत्राला उभा पुतळा आणि पडलेला पुतळा सारखाच. समुद्रकांठचा खारा वारा, आंतील सांगाडा, जोडकाम, या गोष्टी त्या चित्रांत दिसत नाहींत. पुतळा उभा राहतो तो त्यांच्यावर. तेथें नंतर नवा, अधिक उंच पुतळा उभारला गेला.

समाजमाध्यमांना सरसकट नांवें ठेवणें हें विद्वत्तेचें सोपें सोंग आहे. सासवण्याच्या शिल्पालयांत आज जो तरुण येतो तो कित्येकदां कोणी तरी टाकलेलें म्हशीचें छायाचित्र पाहूनच येतो. पुस्तकानें त्याला तेथें आणलें नसतें. तो तेथें थांबून पाहतो कीं म्हशीच्या पाठीवर हात ठेवून स्वतःचेंच छायाचित्र काढून परततो, हा पुढला प्रश्न. रॉथफील्डसारखे डोळे गर्दींतही असूं शकतात, पण ते गर्दीमुळें तयार होत नाहींत.

वळण म्हणजे काय हें उघड्या डोळ्यांनीं पाहावयाचें असेल तर याच जिल्ह्यांतल्या पेणला जावें. पेण आणि भोंवतालचीं हमरापूर, जोहें हीं गांवें गणेशमूर्तींसाठीं देशांत आणि परदेशांत माहीत आहेत. गुजरातेंतून येणारी शाडूची माती, अलीकडच्या काळांत प्लास्टर, सांचे, रंग. वर्षभर हातांना उसंत नसते. येथल्या मूर्तीइतकी लोकप्रिय कलाकृति दुसरी दाखविणें कठीण आहे. तिच्यापुढें घरोघर आरत्या होतात, आणि दीड दिवसांत, पांच दिवसांत, फार तर अनंतचतुर्दशीस तिला पाण्यांत सोडतात. तिच्यावर कोणाची सही नसते. घरधनी मूर्तिकाराचें नांव विचारील किंवा विचारणारही नाहीं. पण जाणता माणूस सोंडेचें वळण, बैठक आणि विशेषतः डोळ्यांची आखणी पाहून मूर्ति पेणची आहे हें ओळखतो. आणि पेणांतला माणूस ती कोणत्या कारखान्यांतली हेंही सांगूं शकतो.

आखणी हें या धंद्यांतलें सर्वांत जोखमीचें काम. ती सांच्यांतून निघत नाहीं. कुंचला एकदांच फिरतो, आणि बुबुळ केसभर सरकलें कीं देवाची नजर तिरपी होते. म्हणून नव्या मुलाच्या हातीं प्रथम आखणी येत नाहीं. तो माती मळतो, सांचे पुसतो, जोडाच्या रेघा घांसतो, पितांबर रंगवितो. कांहीं वर्षें शेजारीं बसून जुन्या कारागिराचा हात पाहतो. मग एखाद्या वर्षीं लहान मूर्तींपैकीं एक त्याच्यापुढें सरकविली जाते.